पहिल्या झुरक्याचा खोकला

आमच्या धंद्यात कुठलंही काम आलं की पहिला प्रश्न एकच: हवा कुठून आत येते आणि तिला जायचं कुठे आहे? हा प्रश्न विचारत मी सिंगापुरात बरीच वर्षं नोकरी केली. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत कुणी विचारलं, "तुम्ही नक्की काय करता हो?" तर मी सांगायची, "हवेला वाट करून देते." त्यावर समोरचे गृहस्थ "अच्छा, एसीचं काम का?" म्हणायचे आणि चकलीकडे वळायचे.

एसीचं काम नव्हे. हातात धरता येईल अशा कुठल्याही वस्तूतून हवा जात असेल, तर ती नीट जाते का हे बघायचं, आणि जात नसेल तर त्या वस्तूचं पोट बदलायचं. हेअर ड्रायर, व्हॅक्यूम क्लीनर, कॉफीचं मशीन, दम्याचा पंप. हवा नीट गेली तर कुणाला पत्ताही लागत नाही. अडली की शिट्टी वाजते, घरघर होते, मोटर तापते, आणि मग त्या वस्तूचा मालक आमच्या दारात येतो. आमचं दार आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत होतं. खाली सुट्या भागांची गोदामं, वर आम्ही. मालक डेस्मंड, माझ्याच वयाचा, इथलाच चिनी माणूस. बाकी सगळे मिळून एका मोठ्या टेबलाभोवती मावू एवढेच.

हवा दिसत नाही ही या कामातली मुख्य अडचण, म्हणून तिला रंग द्यावा लागतो. त्यासाठी धुकं सोडणारं मशीन होतं, पण मला सुरुवातीपासून उदबत्तीच बरी वाटायची. तिचा धूर बारीक रेघेत चढतो आणि हवा जिथे वळते तिथे वळून दाखवतो. एकदा मी उत्साहाच्या भरात अख्खा जुडगा पेटवला आणि इमारतीतला आगीचा भोंगा वाजला. खालच्या गोदामातल्या लोकांसकट सगळे रस्त्यावर. डेस्मंडने अग्निशमन दलाच्या माणसाची माफी मागितली, माझ्याकडे न बघता जिना चढला, आणि वर पोचल्यावर त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत एवढंच म्हणाला, "विद्या, नेक्स्ट टाइम यू प्रे आउटसाइड, लाह."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. एक म्हातारे गृहस्थ कापडाने झाकलेला पिंजरा घेऊन आले. आंग मो किओत सकाळी काही लोक आपापले गाणारे पक्षी घेऊन जमतात, पिंजरे उंच टांगतात आणि खाली कॉफी पीत बसतात. या काकांचा पक्षी उकाड्यात गायचा बंद झाला होता. त्यांना पंखा हवा होता. अट एकच, पक्ष्याचं पीस हलता कामा नये. "पीस हललं की तो घाबरतो," ते म्हणाले, "घाबरला की गात नाही." डेस्मंडला हे काम नको होतं, मला हवं होतं. मी पिंजऱ्याच्या तळाशी एक कडं बसवलं, त्याला सगळीकडून बारीक भोकं पाडली, म्हणजे हवा एका बाजूने अंगावर येण्याऐवजी चहूबाजूंनी हळूच वर चढेल. रिकाम्या पिंजऱ्यात टिश्यू पेपरचे तुकडे टांगून बघितले. मग खरा पक्षी ठेवला. आम्ही चार इंजिनियर श्वास रोखून त्याच्यासमोर उभे. तो बराच वेळ गप्प. मग त्याने मान वर केली आणि गायला लागला. काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी त्या दिवशी सेंगकांगला घरी परतताना एलआरटीच्या गाडीत एकटीच हसत होते.

हे सांगितलं ते अशासाठी, की मला माझं काम येत होतं. पुढे जे घडलं त्यावरून काही लोकांनी उलटाच समज करून घेतला.

आता मॅडम लिमची गोष्ट. सेंगकांगला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. आयुष्यभर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, मोठ्या कढईसमोर उभं राहून नूडल्स परतल्या, त्या धुराने फुप्फुसं गेली. लिफ्टपर्यंत चालत आल्या तरी धाप लागायची. त्या माझ्याशी त्यांच्या इंग्रजीत बोलायच्या. माझ्या मुलीच्या, इराच्या, इंग्रजीला मात्र "टू फास्ट" म्हणून नावं ठेवायच्या.

दम्याचा पंप सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो दाबला की औषधाचा फवारा जोरात सुटतो आणि घशावर आदळतो. ज्याच्या श्वासात ताकद आहे तो औषध आत ओढून घेतो. ज्याचा श्वास दुबळा, त्याला ठसका लागतो आणि निम्मं औषध खोकल्याबरोबर बाहेर. म्हणून पंप आणि तोंड यांच्यामध्ये एक पोकळ नळकांडं लावतात, त्याला स्पेसर म्हणतात. औषधोपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीला असा स्पेसर हवा होता, की मॅडम लिमसारख्या माणसाने कसाबसा ओढलेला श्वासही पुरेल आणि ठसका लागणार नाही.

या एका गोष्टीवर मी जितका वेळ घालवला तितका दुसऱ्या कशावरही नाही. शेवटी उत्तर भोकांतच सापडलं. जुन्या नळकांड्यात हवा मागच्या एका मोठ्या भोकातून सरळ घुसायची आणि औषध पुढे ढकलत घशावर नेऊन आपटायची. मी ते भोक बुजवलं आणि त्याऐवजी भिंतीत कडेने तिरकी, बारीक भोकं दिली. आता हवा भिंतीला लगटून गोल फिरत आत येऊ लागली आणि औषधाभोवती स्वेटरची बाही चढावी तशी चढू लागली. मधलं औषध घशाला न टोचता खाली उतरायचं.

ज्या रुग्णांनी चाचणीला होकार दिला त्यांत मॅडम लिम होत्या. डॉक्टर हजर, सगळं रीतसर. त्यांनी नळकांडं तोंडाला लावलं, श्वास घेतला, थांबल्या. खोकला नाही. मग नळकांडं उलटंपालटं करून संशयाने माझ्याकडे बघितलं.

"ब्रोकन, इज इट? नथिंग कम आउट."

औषध आत पोचलं होतं, डॉक्टरांनी तपासून सांगितलं. माझ्या कामाची याहून मोठी तारीफ आजवर कुणी केलेली नाही.

तो स्पेसर एका प्रदर्शनात मांडला होता, आणि तिथूनच रसेल आमच्याकडे आला. चाळिशीचा, साधा टी-शर्ट, मनमोकळं बोलणं. पहिल्या भेटीत मला तो आवडलाच. त्याची कंपनी दुसऱ्या देशात ई-सिगारेटी बनवायची आणि जिथे परवानगी आहे तिथे विकायची. सिंगापुरात ही वस्तू नुसती खिशात सापडली तरी गुन्हा. म्हणून त्याने खरी वस्तू आणली नव्हती. ड्रॉइंग आणली होती, आणि ई-सिगारेटमधल्या टाकीचा कितीतरी पट मोठा केलेला पारदर्शक प्लास्टिकचा नमुना. आत ना बॅटरी, ना रस. आम्ही त्यातून नुसतं पाण्याचं धुकं सोडायचं आणि हवेची वाट सुधारून द्यायची. डेस्मंडने वकिलाला विचारून घेतलं होतं. कायद्यात बसतं की नाही हा वाद मी तेव्हाही घातला नाही, आजही घालत नाही.

ही टाकी म्हणजे एक बोटभर डबी. तिच्यात निकोटिनचा रस भरलेला. मधोमध तारेचं वेटोळं, त्याच्याभोवती रस शोषणारा कापूस. तार तापली की रसाची वाफ होते, खालच्या भोकातून आलेली हवा ती वाफ उचलते आणि वर तोंडात नेते. हवा कमी पडली तर रस साचून गुडगुड होते, फार झाली तर वाफ पातळ होते. मी तो मोठा नमुना खिडकीकडे धरला आणि मला गडबड लगेच दिसली. भोक वेटोळ्याच्या बरोब्बर खाली होतं. हवा सरळ वर, वाफ सरळ वर, सरळ घशावर. म्हणजे जुन्या स्पेसरचाच आजार. आता भोकं कुठे हलवायची, किती तिरकी करायची, हे सगळं तिथल्या तिथे माझ्या डोळ्यांसमोर आलं. खरं सांगते, हात शिवशिवले. कोडं सुटलेलं असताना गप्प बसणं इंजिनियरला फार जड जातं.

मग रसेलने पडद्यावर श्वासाचा आलेख दाखवला. आमच्याकडे प्रत्येक कामाला असा आलेख लागतो, वापरणारा माणूस किती जोरात आणि किती वेळ हवा ओढतो त्याचा. मी आयुष्यात असे पुष्कळ श्वास पाहिलेत. सिगारेट ओढणाऱ्याचा श्वास लांब आणि निवांत असतो. हा तसा नव्हता. आखूड, चाचपडत घेतलेला, मध्येच थबकलेला.

"हा कुणाचा श्वास आहे?" मी विचारलं.

"नव्या ग्राहकांचा," रसेल म्हणाला. "ज्यांनी आधी कधी काहीच ओढलेलं नाही असे. आमची अडचण तिथेच आहे. पहिला झुरका घेतला की खोकला येतो. खोकला आला की निम्मे लोक ती वस्तू परत हातात घेत नाहीत. तुमच्या स्पेसरने जे केलं तेच मला इथे हवंय. पहिला झुरका, खोकला नको."

"आणि सिगारेट सोडू पाहणारे?"

"त्यांच्यासाठी आमचं दुसरं मॉडेल आहे. ते चांगलं चाललंय."

त्याने काहीच लपवलं नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचंय. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. नळ गळतो, दुरुस्त करा, इतक्या सहजपणे तो बोलत होता.

सिगारेट सोडवणारं यंत्र सुधारून द्या असं तो म्हणाला असता तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. कदाचित केलंही असतं. पण ते काम माझ्यापुढे आलंच नाही. हे आलं. मॅडम लिमचा खोकला औषधाच्या आड येत होता, म्हणून मी तो थांबवला. आधी कधी काहीच न ओढलेली म्हणजे बहुतेक कोवळी पोरं. ज्याचा घसा धडधाकट आहे, त्याला आलेला खोकला कशाच्या आड येतोय? तो तर आपलं काम चोख करतोय. नको ते आत येतंय म्हणून ओरडतोय. त्याचं तोंड बंद करायचं, तेही मॅडम लिमच्या श्वासावर शिकलेल्या युक्तीने?

"मी हे करणार नाही," मी म्हणाले.

रसेलला वाटलं मी वेळेबद्दल बोलतेय. "घाई नाही," तो म्हणाला.

"वेळेचा प्रश्न नाही. मी करणार नाही."

रसेलने पडद्यावरचा आलेख बंद केला. तो गेल्यावर डेस्मंडने दार लावून घेतलं.

"इट्स ओन्ली पेपर, लाह. एक टाकीसुद्धा सिंगापुरात येणार नाही."

"माहीत आहे."

"तू नाही केलंस तर दुसरं कुणीतरी करेल."

"करू दे की. माझ्या हातून होणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे."

"विद्या, हे काम मोठं आहे. हे मिळालं तर लहान मुलांच्या स्पेसरला मी पैसा घालू शकतो. तुलाच तो करायचाय ना?"

हा घाव वर्मी बसला. लहान मुलांसाठीचा स्पेसर माझ्या टेबलावर अर्धवट पडला होता. मुलांचा श्वास आणखी दुबळा, वर ती रडत असतात, म्हणून त्याची भोकं नव्याने मांडायची होती. डेस्मंड थापा मारत नव्हता. तरीही मी नाही म्हणाले. त्याने कपाळ चोळलं आणि विचार करायला सांगितलं.

घरी वेगळंच संकट होतं. माझा नवरा श्रीरंग एका बँकेच्या आयटीत होता, आणि काही काळापूर्वी त्याची नोकरी गेली होती. नोकरी गेली की पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, जातो. तो आणि इरा तेव्हा माझ्या पासवर इथे राहत होते. इराची शाळेची शेवटची परीक्षा तोंडावर. मी जेवताना सगळं सांगितलं. श्रीरंगने पोळीचा तुकडा ताटात ठेवला.

"तू काय भोकं पाडायला नाही म्हणालीस?"

"हो."

"विद्या, आपण तिघं तुझ्या एका पासवर उभे आहोत."

"मला कळतं ते."

"मग कळतंय तसं वाग ना! तू काय विष बनवतेयस? हवा जायची वाट नीट करतेयस. तो माणूस ती कुठे विकतो याच्याशी तुझा काय संबंध?"

"तो कुणासाठी मागतोय ते त्याने मला तोंडावर सांगितलंय. न सांगता मागितलं असतं तर कदाचित मी करून मोकळीही झाले असते. आता ऐकलंय."

"तुझ्या ऐकण्यापायी पोरीची शाळा जाईल."

इरा आमच्या दोघांकडे बघत होती. तिने विचारलं, "आई, कॅन यू डू इट बट डू इट बॅडली?" मला हसू आलं, त्या परिस्थितीतही. मी म्हणाले, "ते तर त्याहून जमणार नाही." श्रीरंग उठून गेला. पुढे कित्येक आठवडे तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. त्याचं चुकत होतं असं मी कधी म्हणणार नाही. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं अगदी बरोबर होतं.

मला कुणाचा तरी पाठिंबा हवा होता, म्हणून मी खाली मॅडम लिमकडे गेले. ज्या बाईच्या श्वासावर मी हे शिकले, ती तरी म्हणेल, बरं केलंस पोरी. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मध्ये मध्ये दम घेत होत्या.

"ऐया," त्या म्हणाल्या, "यू डू, लाह! पास गेला तर काय करशील?"

"पण तुमच्या श्वासावरून—"

"माझा श्वास काय पेटीत ठेवायचाय? तू काम सोडलंस म्हणून माझा दम बरा होणार आहे का? मीसुद्धा कढईसमोर उभी राहिले ते माहीत असून. मुलं वाढवायची होती." त्यांनी मला अननसाची बिस्किटं दिली आणि वर म्हणाल्या, "स्टुपिड गर्ल."

मी बिस्किटं खाल्ली आणि वर आले. माझ्या बाजूने उभं राहायला कुणी उरलं नव्हतं, प्रत्यक्ष मॅडम लिमसुद्धा नाहीत. पण लिफ्टमध्ये मला अचानक हलकं वाटलं. आता हे कुणासाठी तरी करते आहे अशी सबब उरली नव्हती. मला करायचं नव्हतं, म्हणून मी करणार नव्हते. तेवढं कारण मला पुरेसं होतं.

डेस्मंडने ते काम सुब्रतोला दिलं. सुब्रतो कोलकात्याचा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, मेहनती माणूस. मी त्याला एका शब्दानेही अडवलं नाही. त्यालाही घर होतं, पास होता. त्याने भोकं वाढवली, वाफ पातळ झाली. लहान केली, गुडगुड सुरू झाली. मी शेजारी बसून बघत होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो खुर्ची ओढून जवळ आला.

"दीदी, आप हाथ मत लगाना। सिर्फ बोल दो, होल नीचे रखूँ या साइड में?"

एका शब्दाचं उत्तर होतं. ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी डबा बंद केला.

"सुब्रतो, ये मत पूछो।"

"सब बोल रहे हैं कि दीदी को खुद नहीं आता।"

"बोलने दो।"

बोलने दो म्हणणं सोपं होतं, ऐकणं नव्हतं. पक्ष्याचं पीस न हलवता त्याला वारा घालणारी बाई, आणि तिला एक टाकी जमली नाही! मी ज्या खोलीत जाईन तिथे हे कुजबुजलं जायचं, किंवा मला तसं वाटायचं. पास, पगार, नवऱ्याचा अबोला, हे सगळं मी सहन केलं. पण हे बोलणं मला जेवढं लागलं तेवढं काहीच लागलं नाही. माझ्यात गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

शेवटच्या बैठकीला रसेल परत आला. सुब्रतोचा नमुना टेबलावर होता, त्यात धुकं सोडलं होतं आणि ते सरळ वर जाऊन आपटत होतं. रसेलने ते बघितलं आणि माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाला, "खरं सांगायचं तर मला आता वाटतं, तत्त्व वगैरे काही नाही. ही अडचण तुमच्यासाठीही अवघड आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही."

तो मला मुद्दाम डिवचतोय हे मला स्वच्छ दिसत होतं. समोर फळा होता, त्याच्या खाचेत मार्कर होता. चार रेघा मारल्या असत्या तर रसेलचं तोंड बंद झालं असतं, आणि त्याचं कामही झालं असतं. डेस्मंड माझ्याकडे बघत होता. सुब्रतो माझ्याकडे बघत होता. माझे कान तापले होते.

"तुम्हाला जे वाटायचं ते वाटू दे," मी म्हणाले, आणि हात मांडीवरच ठेवले.

रसेल काम काढून घेऊन गेला. पुढे कुणी ती टाकी दुरुस्त करून दिली का, ती बाजारात आली का, मला ठाऊक नाही. मी कधी शोधलं नाही. मी काही थांबवलं असा माझा दावाही नाही. दुनियेत भोकं पाडणारे पुष्कळ आहेत.

थोड्याच दिवसांत डेस्मंडने मला खोलीत बोलावलं. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. काम कमी झालंय, म्हणाला. ते खरंही होतं. "मी तुला काढत नाहीये, विद्या. मला परवडत नाहीये."

"दोन्ही एकच आहे, डेस्मंड."

"तू फार हट्टी आहेस, माहितेय?"

"माहितेय."

पास रद्द झाला. आवराआवर करायला मिळालेल्या मुदतीत मी जिथे जिथे अर्ज केला तिथून काही आलं नाही. इराचा विद्यार्थी म्हणून वेगळा पास करून घेतला आणि चोआ चू कांगला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने तिला परीक्षा होईपर्यंत ठेवून घेतलं. त्या वहिनींचे उपकार मी विसरणार नाही. आम्ही सामान खाली उतरवत होतो तेव्हा मॅडम लिम धापा टाकत लिफ्टपर्यंत आल्या आणि सगळ्यांसमोर मला खूप रागावल्या. त्यांना नवा शेजारी नको होता.

पुण्याला कोथरूडमध्ये सासूबाईंच्या फ्लॅटवर राहिलो. भेटायला येणारा प्रत्येकजण कारण विचारायचा आणि मी खरं सांगायची, कारण दुसरं काही सुचत नसे. माझे मोठे दीर चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे एवढ्याशा भोकासाठी तू सिंगापूर सोडलंस?"

"हो," मी म्हणाले, "एवढ्याशाच."

त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर श्रीरंग बाल्कनीत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "दादा बोलला ते मला आवडलं नाही." त्याच्याकडून मला आणखी काही नको होतं.

इराची परीक्षा चांगली गेली. त्यानंतर काही महिन्यांनी सिंगापुरातल्याच एका तंत्रशिक्षण संस्थेत मला शिकवायची नोकरी लागली. पगार कमी, पद कमी, पण पास मिळाला. श्रीरंगलाही पुढे काम मिळालं. आता आम्ही चोआ चू कांगला राहतो. मी नव्या वस्तू करत नाही, फळ्यावर बाण काढते. हाताला कामाच्या टेबलाची सवय होती, ती सुटता सुटत नाही. आणि लहान मुलांचा तो स्पेसर अर्धाच राहिला. डेस्मंडने पुढे ते काम बंदच केलं. कुठल्यातरी घरात एखादं मूल पंप दाबल्यावर खोकत असेल आणि त्याचं औषध बाहेर पडत असेल, हे मनात येतं तेव्हा वाईट वाटतं. खूप वाटतं. पण त्या मुलाच्या खोकल्याचं मोल दुसऱ्या मुलाच्या खोकल्याने चुकवायचं, हा सौदा मला तेव्हा मान्य नव्हता आणि आजही नाही. पुन्हा तीच बैठक, तोच रसेल आणि तोच मार्कर समोर आला तर मी पुन्हा हात मांडीवरच ठेवीन.

हल्ली इथे एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनांत जागोजागी व्हेपविरुद्ध, म्हणजे ई-सिगारेटीविरुद्ध, पोस्टरं लागलेली असतात, त्यामुळे विद्यार्थ्यांत हा विषय निघतोच. मागच्या सत्रात मी वर्गात अरुंद वाटेतून जाणाऱ्या हवेबद्दल शिकवत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. हसू दाबत होती, शेजारणीने तिला कोपर मारलेलं मला दिसलं.

"मॅडम, व्हेपच्या टाकीचं एअरफ्लो तुम्हाला सुधारता येईल? कॅन ऑर नॉट?"

वर्ग खदखदला. मग सगळे एकदम गप्प झाले, मी चिडते की काय म्हणून.

इथे होकार द्यायला एकच शब्द लागतो. माझ्या मनात तो इतकी वर्षं साठून राहिला होता.

"कॅन," मी म्हणाले. "व्हेरी कॅन."

पोरं अवाक होऊन बघत राहिली.

"पण करणार नाही," मी म्हणाले, आणि फळा पुसून पुढचं गणित घातलं.